पन्नास टक्के निकालाची योजना

२६ जून २००४
आपल्या गावच्या हायस्कूलचा दहावीचा निकाल एकोणीस टक्के. तालुक्यात खालून दुसरा. खालून पहिली शाळा कोणती ते कळलं नाही, पण तिच्याबद्दल आपुलकी वाटते.

तेजस्वी यंदा दहावीत. शेजारची कौसाबाई म्हणाली, पोरीचा दाखला काढ आणि अंबरनाथच्या शाळेत घाल. म्हटलं, हे तिथे शिपाई होते. मरेपर्यंत ज्या शाळेची घंटा वाजवली, ती आम्ही सोडणार नाही. कौसाबाई म्हणाली, बापाने घंटा वाजवली म्हणून पोरीला गणित येतं काय गो? तिच्या नादी लागत नाही.

ठराव: पुढच्या वर्षी शाळेचा निकाल पन्नास टक्के. तेजस्वी फर्स्ट क्लास.

२ जुलै
हेडमास्तर दिनानाथ सरांना भेटले. म्हणाले, सुंदराबाई, निम्मी पोरं भातलावणीला, निम्मी एमआयडीसीत हेल्पर. पास कुणाला करू? म्हटलं, माझ्या ओटीवर रोज संध्याकाळी अभ्यासवर्ग घेते. लगेच हो म्हणाले. इतक्या लगेच हो म्हणणारा साहेब मी पहिल्यांदा पाहिला.

गणिताचे राजेंद्र सर मात्र आठवड्यातला एक तासही द्यायला तयार नाहीत. संध्याकाळी टाइम नसतो म्हणे. शाळा सुटली की मोटरसायकल काढतात ती थेट स्टेशनकडे. वर्गात अर्धा तास हजेरीच चालते असं मुलं सांगतात. दर सोमवारी खिडकीशी उभं राहून बघायचं ठरवलं.

१९ जुलै
वर्ग सुरू. नऊ मुलं आली.

मी शाळेत गेलेली नाही. कपाटं साफ करताना शाळा टाकून देई ती पुस्तकं हे घरी आणायचे, त्यावर बोट ठेवून अक्षरं शिकवायचे. पुढचं सगळं माझं मी वाचून शिकले. तेव्हा पद्धत पक्की आहे. मी मोठ्याने, स्पष्ट वाचायचं. मुलांनी ऐकायचं. आज इतिहास. छान रंगला.

५ ऑगस्ट
बीजगणित वाचलं. दोन प्रकरणं संपली. एवढं काही अवघड नाही. मुकेश म्हणाला, काकी, गणित सोडवायचं असतं. म्हटलं, आधी नीट ऐक, मग आपोआप सुटतं. संतोष झोपला. माझा आवाज शांत आहे, असं हेही म्हणायचे.

२३ ऑगस्ट, सोमवार
खिडकी. राजेंद्र सर फळ्यावर लिहीत होते आणि लगेच पुसत होते. बाहेरून म्हटलं, सर, जरा पोरांना दिसू द्या की. वर्ग हसला. तेजस्वीचं पेन बाकाखाली पडलं, ते बराच वेळ सापडेना.

घरी आल्यावर बोलली नाही. या वयात मुलींना आईचं कौतुक दाखवता येत नाही.

१० सप्टेंबर
तेजस्वी ओटीवर बसत नाही. म्हणते, इथे आवाज होतो, मी मैत्रेयीकडे अभ्यास करते. आवाज म्हणजे माझाच की. मैत्रेयी तिच्याच वर्गातली, पण राहते पार स्टेशनजवळ. परत यायला अंधार होतो. शेवटी अट घातली की निघताना माझ्याकडून भूमितीचं एक पान ऐकायचं. ऐकते. चप्पल घालून.

४ ऑक्टोबर, सोमवार
शाळेकडे निघाले तर राजेंद्र सरांनी वाटेतच मोटरसायकल थांबवली. म्हणाले, ताई, तेजस्वीचं टेन्शन घेऊ नका, पोरगी हुशार आहे. आता सोमवारची तसदी नको. इतकं गोड बोलले. वचक बसला. खिडकी बंद केली तरी चालेल.

११ जानेवारी २००५
प्रिलिमचे मार्क. ओटीवरचं एकही मूल गणितात पास नाही. पेपर मुद्दाम कठीण काढलेला दिसतो. तेजस्वी मात्र गणितात वर्गात पहिली. निघताना ऐकलेलं एकेक पान असं कामी येतं. ओटीवर तास-तास वाचते ते बहुतेक जास्त होत असावं. उद्यापासून थोडं कमी वाचणार.

२८ जून
निकाल चोवीस टक्के. तेजस्वी फर्स्ट क्लास.

हे असते तर आज कुणालाही न विचारता एक घंटा जास्त दिली असती.

ओटीवरची नऊही मुलं गणितात नापास. दिनानाथ सर म्हणाले, पाच टक्के वाढले, बाई, तुमच्याच मेहनतीने. दुपारपर्यंत बरं वाटलं. मग मनात आलं, माझं एकही पास झालं नाही, तर वाढले कोण?

१ जुलै
पेढे आणायला अंबरनाथला गेले. स्टेशनबाहेर एका क्लासचा मोठा बॅनर. त्यावर तेजस्वी. शेजारी मैत्रेयी. आपल्या शाळेतली पास झालेली सगळीच्या सगळी वर ओळीने. खाली मार्गदर्शक म्हणून राजेंद्र सर, टाय लावून. शाळेत त्यांचा शर्टही कधी खोचलेला पाहिला नाही.

पेढे न घेता आले. तेजस्वीला विचारलं. म्हणाली, गणेशोत्सवाच्या आधीपासून जाते. सर म्हणाले, तुझी फी नको, फक्त आईला खिडकीतून हटव. मी म्हटलं, मग ते शाळेत का शिकवत नाहीत? म्हणाली, शाळेत शिकवलं तर क्लासला कोण येईल, आई?

म्हटलं, तुझ्या बाबांच्या शाळेत असलं चालतं, त्यांना काय वाटलं असतं? मग म्हणाली, बाबांनीच सांगितलं होतं. दहावीला इथे राहू नकोस, आईला मी समजावतो.

त्यांचं समजवायचं राहून गेलं.

३ जुलै
आज ओटी झाडली आणि सतरंजी आत ठेवली. वर्ग बंद.

संध्याकाळी मुकेश, संतोष आणि गंगू आले. ऑक्टोबरच्या परीक्षेला बसतायत. म्हटलं, राजेंद्र सरांकडे जा, मी सांगते त्यांना. मुकेश म्हणाला, जाऊन आलो, काकी. नापासांना घेत नाहीत, त्यांच्या क्लासचा निकाल पडतो. तुम्हीच घ्या. फक्त या वेळी एखादं गणित सोडवून दाखवा.

सतरंजी परत घातली. बीजगणित उघडलं. पहिल्या पानावरचं पहिलंच उदाहरण. तिघंही वही-पेन घेऊन माझ्याकडे बघत होती.

बऱ्याच वेळाने मी ते वाचून दाखवलं.