पायऱ्यांना मीठ वर्ज्य

२६ ऑक्टोबर
दारापुढच्या पायऱ्या आणि वरचा ओटा ओतून झाला. स्वतः ओतला. बाबा बघून गेले. म्हणाले, यंदा स्लावा तुझ्याकडे करून बघू. नीट पार पडली तर संत निकोलाची तसबीर तुझ्याकडेच राहील. ज्याच्या घरी तसबीर, त्याच्या घरी स्लावा, म्हणजे कुळाच्या संताचा सण. नाहीतर ती तिहोमीरकडे जाईल. धाकट्या भावाबद्दल मनात असूया आहे का, हे प्रामाणिकपणे तपासलं. नाही. तसबीर त्याच्याकडे जाऊ नये, एवढंच वाटतं.
संकल्प: हिवाळ्यात पायऱ्यांवर लोखंडी फावडं नाही. मीठ तर मुळीच नाही. मिठाने काँक्रीटचे पोपडे निघतात. काँक्रीटमध्ये पाणी मुरू न देणारा सीलर आणून ठेवला. कोरड्या, उबदार दिवशी लावायचा.

९ नोव्हेंबर
तळघरात नव्या बॉयलरमुळे उकडतं. कोबी आंबवायचं पिंप ओट्यावर ठेवलं. मीठ मी स्वतः घातलं. कोबीच्या बाबतीत हात आखडता घेऊ नये.

२१ नोव्हेंबर
कोरडी हवा, ऊन. सीलरसाठी उत्तम दिवस. पण उद्या याहून उबदार असेल म्हणतात. घाई बरी नव्हे.

२२ नोव्हेंबर
पाऊस.

२४ नोव्हेंबर
पिंपाच्या खालच्या तोटीतून खारं पाणी काढून परत वरून ओतलं. हे घरातल्या पुरुषाचं काम, मी चुकवत नाही. थोडं सांडलं. पुसलं. बहुतेक सगळं.

४ डिसेंबर
बर्फ. नगरपालिकेची मिठाची गाडी फिरून गेली. फाटकाशी बादली आणि ब्रश ठेवला. येणाऱ्याने बुटांचे तळवे धुऊनच आत यावं. झिवाना म्हणाली, नवरा केला होता, कस्टम्सचा अधिकारी नव्हे. पोस्टमन आता पत्रं फाटकावरच टाकतो. तिहोमीर मिठाची पिशवी भेट घेऊन आला. म्हणाला, दादा, घरात प्रेमाने काहीतरी आणावं म्हटलं. पिशवी गॅरेजमध्ये ठेवून कुलूप लावलं.
पिंपाखाली सतत ओल दिसते. दंव असावं. पिंपाला जुनी गोधडी आणि वरून प्लॅस्टिक गुंडाळलं, अगदी जमिनीपर्यंत. निदान तेवढं काँक्रीट तरी आता पूर्ण सुरक्षित.

१८ डिसेंबर
दुपारी पाऊस, संध्याकाळी कडाका. पायऱ्या काचेसारख्या. वाळू टाकली. वाळूवर पुन्हा पाऊस पडून गोठला. आतली वाळू स्पष्ट दिसते, पायाला लागत मात्र नाही. झिवाना म्हणाली, मूठभर मीठ टाक, उद्या स्लावा आहे. तत्त्वाचा प्रश्न मुठीने मोजायचा नसतो, असं समजावलं. बैठकीतला गालिचा पायऱ्यांवर अंथरला. हे आधी कसं सुचलं नाही?

१९ डिसेंबर, संत निकोला
गालिचा गोठला. पायरीपेक्षा जास्त घसरतो.
स्लावाला कुणी बोलावत नाही, येणारा येतो आणि आलेल्याला परत पाठवता येत नाही. त्यामुळे दुपारपर्यंत अंगण भरलं. पाद्रीबाबा पहिल्या पायरीकडे बघून थांबले आणि सणाचा पाव फाटकाशीच कापला. वाऱ्याने मेणबत्ती तीनदा विझली. झिवाना खिडकीतून तळलेले मासे देत होती. तिहोमीर ताट घेताना विचारत होता, वहिनी, तिकीट इथेच मिळतं का?
बाबांनी चढायचा प्रयत्न केला. पहिल्याच पायरीवर बसले. पडले असं मी म्हणणार नाही. झिवानाने पिंपाची तोटी उघडली, बादली भरली आणि खारं पाणी पायऱ्यांवर ओतलं. एक, मग दुसरी. बर्फ सुटला, सगळे वर गेले.
पहिली बादली ओतली त्या क्षणी मी काहीतरी बोललो. तिहोमीरच्या मते ओरडलो. शब्द होते: पायऱ्यांना काही झालं का बघा. बाबा अजून खालीच बसलेले होते. वाक्याचा क्रम चुकला हे मान्य. हेतू व्यापक होता.
रात्री गरम पाण्याने पायऱ्या धुतल्या. बाबा जेवायला थांबले. आंबवलेल्या कोबीच्या पानांत गुंडाळलेली सार्मा दोनदा घेतली. शुभचिन्ह.

२० एप्रिल
पिंप रिकामं झालं. साऱ्या गल्लीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात तिहोमीरला आणि बाबांना बोलावलं. आधी पायऱ्या दाखवल्या: एक ओरखडा नाही. मग गोधडी उचलली. पिंपाखालचं काँक्रीट ओलसर, भुसभुशीत. बोट लावलं की जुन्या चीजसारखं सुटतं. तोटी गळत होती. हिवाळाभर.
तिहोमीरने चक्क गोधडी होती तशी परत झाकली. हे मला जास्त लागलं.
बाबा घरात गेले, भिंतीवरची तसबीर काढली, कोटाच्या आत धरली. म्हणाले, तिहोमीर तळमजल्यावर राहतो. मी हात द्यायला पुढे झालो, तर नको म्हणाले. स्वतःच उतरले, आणि शेवटच्या पायरीवर थांबून म्हणाले, पायऱ्या मजबूत झाल्यात रे.
संध्याकाळी सीलरचा डबा उघडला. थंडीने फाटून आत दही झालं आहे. बाहेर कोरडी हवा, छान ऊब. सीलर लावायला इतका योग्य दिवस वर्षभरात झाला नव्हता.