शनिवारचं प्रकरण

७ जानेवारी १९५७, गिरगाव
ह्यांच्या टेबलावरचं हस्तलिखित वाचलं. वाचायला नको होतं! साप्ताहिकात चालू असलेल्या कादंबरीचं पुढचं प्रकरण — लालबागला चाळीखालच्या रस्त्यावर गोळीबार होतो, सुनेत्रा मैत्रिणीचा हात सोडून पळते. आणि मग वर्षभर सभांतून सांगत फिरते, ‘ती माझ्या मांडीवर गेली.’

सुनेत्रा म्हणजे मी, हे ट्रामचा कंडक्टरही जाणतो. पण मंजुळेचा हात मी सोडला, हे फक्त ह्यांना ठाऊक होतं. मीच सांगितलं — रडत, ह्यांच्या खांद्यावर.

८ जानेवारी
ह्यांच्याशी भांडले. ‘पहिल्या कादंबरीत माझं हसणं घेतलंत. दुसरीत माझं मेलेलं मूल. आता हे?’
‘ललिता, इतकं खरं मी आजवर काही लिहिलं नाही.’ छापायला गेलंय म्हणाले. आणि चहा मागितला.
दिला.

१० जानेवारी
दादरला सभा. ‘मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे!’ अर्धा तास मी गर्जले. मंजुळेच्या मरणापाशी आले आणि वाक्य अर्धंच सोडलं. लोकांना वाटलं, गहिवरले. टाळ्या!

११ जानेवारी
उद्या शनिवार, नवा अंक येणार. दर शनिवारी लालबागच्या चाळीत, गॅलरीत बसून, बायकांना हीच कादंबरी मी वाचून दाखवते. बहुतेकींना वाचता येत नाही. अगदी पुढ्यात बसते जाईबाई — मंजुळेची आई.

दोन पानं गाळता येतील. कुणाला कळणार? पण दुसऱ्या कुणी वाचून दाखवलं तर? आणि खरं सांगितलं तर? लेक एकटी मेली नाही, एवढाच आधार मी त्या माउलीला दिलाय. तोही काढून घेऊ?

हजारोंपुढे न कापणारा हा आवाज! ताप आलाय म्हणून कळवावं का?

१२ जानेवारी
वाचलं. एक ओळ गाळली नाही. ‘सुनेत्रा म्हणजे मी,’ हेही सांगितलं. बायका जाईबाईकडे बघत होत्या, माझ्याकडे नाही.

ती तांदूळ निवडत होती. सूप खाली ठेवलं.

‘मांडी माझी होती गो. मीच धावत गेले खाली. साऱ्या चाळीनं बघितलंय. तुझ्या भाषणाला माणसं उठायची, म्हणून गप्प राहिले. म्हटलं, राज्य मिळू दे — मग हिला जाब विचारीन.’