बिरेनची उशी

गिंडी, मंगळवार, संध्याकाळ

ती उशी डोक्यातून जात नाही.

आमच्या कारखान्यात लेथवर काम करणाऱ्या ओडिशाच्या बिरेनला टीबी निघाला. त्याला तमिळ येत नाही, नर्स अक्कांना हिंदी येत नाही, म्हणून आज सरकारी दवाखान्यात मध्ये मी बसलो. माझं तमिळही मोडकंच, पण भागतं. अक्कांनी विचारलं, "खोलीत तुझ्याबरोबर कोण झोपतं?" मी ते हिंदीतून विचारलं. तो म्हणाला, "कोणी नाही साहेब, एकटाच झोपतो." ऐकून मला हायसं वाटलं.

मग गोळ्या घेऊन त्याला खोलीवर सोडायला गेलो. एवढीशी खोली, एक चटई, एक उशी. खाली बसताना उशीवर हात टेकला, तर ती गरम! कोपऱ्यातल्या मोरीत आमचाच रात्रपाळीचा जोगेश तोंड धूत होता. दिवसा त्याच चटईवर तो झोपतो, रात्री बिरेन. म्हणजे बिरेन खरंच बोलला. प्रश्नच चुकला. पण मला कळू नये? पाळ्या तर मीच लावतो.

जोगेशला म्हटलं, "उद्या तपासायला चल."

"मला काय झालंय साहेब?" असं म्हणत त्याने उशी झटकून बिरेनला दिली. "आडवा हो, भाई."

जोगेशला तपासायला आणि अक्कांना हे नीट सांगायला उद्या दोघांना न्यायचं ठरवून घरी आलो. आत्ता लिहिताना लक्षात येतंय, आमच्याकडे पाळ्या तीन चालतात. त्या उशीवर तिसरा कोण झोपतो, हे मी विचारलंच नाही.