कोपऱ्यातली केशरी तारीख

३ फेब्रुवारी

मिळाला! मामानं मिलिटरी कँटीनमधून आणलेला चपटा चंदेरी कॅमेरा. त्याच्याच ट्रंकेत, मोज्यात गुंडाळलेला. झाकण सरकवलं की भिंग बाहेर येतं अन् टुण् वाजतं. सकाळपासून नुसतं झाकणच सरकवतोय.

मामा म्हणाला, "घिऊन जा रं. पन आयटीआयवानी अर्ध्यात टाकू नगंस." कॅमेरा फुकट, टोमणाही फुकट.

५ फेब्रुवारी

बॅटरी आणायला कराडला गेलो. मिळाली. मग स्टँडवर महाबळेश्वर गाडी उभी दिसली — आणि मी पाचगणीत! कसा, ते मलाही विचारू नये.

टेबललँडवर पुण्याच्या पोरींनी आपले महागडे फोन पर्समध्ये टाकले अन् माझ्याभोवती गर्दी केली. "दादा, आमचा पण काढा ना, काय मस्त जुना लूक येतो!" अठरा वर्षं ट्रंकेत पडलेली वस्तू भारी. सव्वीस वर्षं घरात पडलेला मी मात्र रिकामटेकडा.

एकच खोड. बॅटरी काढून घातली की कॅमेरा तारीख विसरतो. पुन्हा २००७ च्या एक जानेवारीला जाऊन बसतो. बसू दे. तेव्हा मी तिसरीत होतो, वर्गात दुसरा आलो होतो.

८ फेब्रुवारी

हरणाआत्यानं दीपमालासाठी विट्याचं स्थळ आणलंय. मुलाचं मदुराईला सोनं गाळायचं दुकान. आईचा हुकूम — बहिणीचा चांगला फोटो काढ, कधीतरी उपयोगी पड.

दीपा नुकतीच धावायचा सराव करून आली होती. पोलीस भरतीची मैदानी चाचणी पुढच्या महिन्यात. आत्या म्हणाली, "लगीन झाल्यावर कुटली भरती न् काय!" दीपा साडी नेसून उभी राहिली. पंधरा फोटोंत एकदाही हसली नाही.

फोटोच्या कोपऱ्यात केशरी आकडे आले — ०१-०१-२००७. पाचगणीच्या फोटोंवर नव्हते. माझ्याकडून काय दाबलं गेलं कोण जाणे! पण लय भारी दिसत होतं. तसाच आत्याला पाठवला.

१० फेब्रुवारी

स्थळ मोडलं. माझ्यामुळं.

मुलाचे वडील आत्याला फोनवर म्हणाले, "फोटू दोन हजार सातचा! म्हंजी पोरगी आता बेचाळिशीची. फसवताय व्हय आमाला?" मग आत्या तरातरा आमच्या घरी. "मुडद्या, येका फोटूत पोरगी म्हातारी केलीस की रं!"

आईनं ताट वाढलं, तोंड उघडलं नाही. दीपाच तेवढी म्हणाली, "जाऊ दे रं दादा." किती मोठं मन!

११ फेब्रुवारी

आई अजून बोलत नाही.

१२ फेब्रुवारी

विट्याला जाऊन आलो. वाटेत कुठंही उतरलो नाही — हे मुद्दाम लिहून ठेवतो!

दीपाचा दहावीचा दाखला पुढं ठेवला. ऐकेनात. मग बॅटरी काढून घातली, मुलाच्या वडिलांचाच फोटो काढला, त्यांना दाखवला. कोपऱ्यात ०१-०१-२००७! हसून हसून ठसका लागला त्यांना. "आयला, अठरा वर्सानं तरणा झालो की!" चहा, पोहे, पुन्हा चहा. रविवारी बघायला येतो म्हणाले.

आई बोलली! आयुष्यात पहिल्यांदा हातातलं काम पुरं केलं. मामालाही फोन करून सांगितलं, दोनदा.

१३ फेब्रुवारी

पहाटे दीपा अंगणात बूट बांधत होती. म्हटलं, बघ, जमवलं का नाही? तिनं वर पाहिलं नाही.

"ती तारीख मी लावली होती दादा. मुद्दाम."

पाहुणे रविवारी येतायत. मीच आणलेत.