खंडेनवमीची पेटी

प्रिय प्रीती,

फोनच करणार होते, पण फोनवर मी शब्द फिरवले असते. म्हणून लिहायला बसले. इकडे धावड्यात थंडी पडलीय, तूर फुलोऱ्यात आहे. अंगारकीला राजूरच्या गणपतीला जाऊ म्हणाली होतीस, ते नंतर बोलू. आधी हे वाच.

सोमवारी जालन्याच्या बैठकीत, तुमच्या गटानं बनवलेलं विज्ञानाचं नवं साहित्य जिल्ह्यातल्या सगळ्या शाळांना द्यायचं का, असं विचारलं, तेव्हा सगळ्यांत आधी मीच उठले आणि म्हणाले, आमच्या मुलांना ते झेपत नाही. तू मान खाली घालून लिहून घेतलंस. लगेच बद्रीनाथ सरांनी माझीच री ओढली, मग बाकीच्यांनी.

प्रीती, तुमच्या साहित्याची ती पेटी मी उघडलीच नव्हती गं.

ती आली खंडेनवमीला. शाळेची घंटा, फावडं आणि संगणक यांच्याबरोबर तिचीही पूजा केली. हळदकुंकू, झेंडूची माळ, नारळ, सगळं साग्रसंगीत. तुला फोटो पाठवला, तर तू किती हरखलीस! मग पेटी कपाटात आणि कपाटाला कुलूप. काचेचं सामान आहे, मुलं फोडतील, असं मी सांगत सुटले. पण भीती काचेची नव्हती. डी.एड.ला माझे प्रयोग तूच मांडून द्यायचीस आणि मी शेजारी हाताची घडी घालून उभी राहायचे, आठवतं? त्यानंतर इतकी वर्षं मी विज्ञान नुसतं वाचून दाखवलं, फळ्यावर प्रश्नोत्तरं लिहून दिली. पेटी उघडली की पोरं विचारणार आणि बाईंना येत नाही हे गावभर होणार. झाकली मूठ सव्वा लाखाची, तशी माझी झाकली पेटी.

बैठकीहून आले, जेवण गेलं नाही. सकाळी कपाट उघडलं. माळ अजून पेटीवरच होती, वाळून तिचा चुरा झालेला. सहावीच्या वर्गात पेटी नेली आणि सांगून टाकलं, मलाही हे येत नाही, पुस्तकात बघून सगळे मिळून लावू. वायर जोडल्या, पण दिवा काही लागेना. मी घामाघूम. मग कुणीतरी दोनपैकी उलटा बसलेला एक सेल सुलटा केला आणि दिवा लागला. काय ओरडली गं पोरं! त्या गोंधळात पायल पेटीवरची हळद आणि झेंडूचा चुरा बघून माझ्याजवळ आली. म्हणाली, "बाई, मंग ही पेटी दसऱ्यापासून हितंच व्हती? अन् आमाला दाखवली न्हाई?" ती रागावली असती तर बरं झालं असतं. अजूनही तिच्याकडे सरळ बघवत नाही.

शुक्रवारी तुमची शेवटची बैठक आहे आणि माझं ते एक वाक्य तुमची सगळी मेहनत बुडवणार. मुलांना झेपतं, प्रीती. मला झेपत नव्हतं. हे पत्र तिथं सगळ्यांसमोर वाच, माझ्या आणि शाळेच्या नावासकट. मी येणार आहे, मागे बसेन. वाचताना माझ्याकडे बघू नकोस, एवढं कर.

तुझीच, अजूनही तुझी म्हणवून घेणारी,
दैवशाला