आप्पांचं यंत्र, विमानाने

६ मार्च, सोमवार. रात्री.

आजपासून रोजनिशी. चार ओळी, मुद्देसूद. पाल्हाळ नको.

आप्पांचं कानाचं यंत्र बंद पडलं. मी उजेडात धरून पाहिलं. सर्किट गेलंय. इलेक्ट्रॉनिक्स शिकलो नसलो तरी नजर आहे. कंपनीचं रिपेअर सेंटर दुसऱ्या शहरात. बायको म्हणाली, उद्या सकाळच्या बसने मी जाते आणि करूनच आणते. मला हसू आलं. ज्या माणसाचं अर्धं आयुष्य एअर कार्गोत गेलं त्याची बायको मांडीवर डबी घेऊन बसने जाणार! लोक तोंडात शेण घालतील.

घाई एवढ्यासाठी की शनिवारी आत्या येतेय. आप्पांची थोरली बहीण. दुपारी दोन तास थांबणार आणि इथूनच विमानतळावर. मुलाकडे परदेशी, कायमची. पुन्हा भेट होईल का, हे घरात कोणी बोलत नाही. आप्पा म्हणाले, मला तिचं बोलणं ऐकायचंय, बाकी काही नको. मोठ्याने म्हणाले. हल्ली सगळंच मोठ्याने म्हणतात.

शब्द दिला. गुरुवारी यंत्र घरात, शनिवारी कानात.

७ मार्च, मंगळवार

पॅकिंग स्वतः केलं. डबीत यंत्र, डबी फोममध्ये, फोम खोक्यात, खोकं मोठ्या खोक्यात, वरून काळी फिल्म. कोणी दुसऱ्या मजल्यावरून टाकलं तरी यंत्राला कळणार नाही.

मुद्दा लेबलचा. गेल्या महिन्यातच धोकादायक मालाचा कोर्स केला (दोन दिवस, जेवणासह). यंत्रात सेल. सेल म्हणजे बॅटरी. बॅटरी म्हणजे लाल पट्ट्यांचं लेबल. लोक नेमके इथे चुकतात. मी चारही बाजूंना लावलं. पैलवान, म्हणजे आमचा सगळ्यात जुना लोडर, म्हणाला, साहेब, शर्टाच्या गुंडीएवढा सेल, त्याला एवढी सजावट कशाला? मी म्हटलं, नियम आकार बघत नाही. वाक्य आवडलं. ऑफिसच्या फळ्यावर लिहिलं, खाली माझं पद.

खोकं बेल्टवर गेलं तेव्हा छाती जरा फुगलीच.

८ मार्च, बुधवार

ट्रॅकिंग पाहिलं. ‘तपासणीसाठी थांबवले.’ एका रात्रीत सेंटरला पोहोचून तपासणीसुद्धा सुरू! ही आपली सेवा. बायकोला मोबाइल दाखवला. ती म्हणाली, अहो, थांबवले असं लिहिलंय. मी म्हटलं, तपासताना थांबवावंच लागतं. चालत्या गाडीचं इंजिन कोणी उघडतं का? ती भाजी चिरत राहिली.

ऑफिसात आज माझ्या पिंजऱ्याला महिना झाला. पिंजरा म्हणजे गोदामाच्या मागच्या टोकाला असलेली जाळीची खोली. लाल पट्ट्यांचं लेबल असलेला प्रत्येक नग तिथे कुलपात जातो, आणि इन्चार्जने स्वतः पाहून सही केल्याशिवाय विमानाकडे हलत नाही. नियम माझा. इन्चार्जही मीच. महिनाभरात एकही अपघात नाही. तसे आधीही नव्हते, पण आता नियमामुळे नाहीत.

संकल्प: पिंजऱ्यातल्या सह्या फक्त शनिवारी, एकदम. रोज उठून सह्या करतो तो कारकून.

दुसरा संकल्प: उद्यापासून पहाटे फिरायला जाणे.

९ मार्च, गुरुवार

फिरायला गेलो नाही. पायाला बूट लागतो.

यंत्र आलं नाही. ट्रॅकिंगवर अजून ‘तपासणीसाठी थांबवले’. कसून तपासतायत. माझं नाव पाठवणाऱ्याच्या जागी पाहून जरा जास्तच मेहनत घेत असणार.

ऑफिसात नव्या भरतीची पोरं आली होती. त्यांना पिंजरा दाखवायला नेलं. मागे एक खोकं होतं, मी मुद्दाम उचलून टेबलावर ठेवलं. म्हटलं, बघा, पॅकिंग असं असावं! फिल्मला एक सुरकुती नाही. लेबलं चारही बाजूंना. पाठवणारा जाणकार आहे, हे नाव न वाचतासुद्धा सांगता येतं. (नाव वाचता आलं नाही हेही खरं. हल्ली प्रिंटर फार बारीक छापतात. चष्म्याचा संबंध नाही.)

एका मुलीने विचारलं, सर, एवढं चांगलं पॅकिंग आहे तर मग हे इथे पडून का? चांगला प्रश्न. मी म्हटलं, माल कधी अडकत नाही, माणूस अडकवतो. कोणीतरी आळशी माणूस आपलं काम करत नाहीये, आणि तिकडे एखादं बिचारं कुटुंब दाराकडे डोळे लावून बसलंय. पोरं एकदम गंभीर झाली. पैलवान मध्येच म्हणाला, साहेब, त्या खोक्याचं जरा... मी हात वर केला. शिकवताना कोणी मध्ये बोललेलं मला चालत नाही. तो खोकत बाहेर गेला. धुळीचा त्रास आहे त्याला.

संध्याकाळी आप्पांना हे सगळं सविस्तर सांगितलं. ते मान डोलावत होते, हसत होते. या घरात माझं शेवटपर्यंत ऐकून घेणारं तेवढं एकच माणूस आहे.

१० मार्च, शुक्रवार

अर्धी रजा टाकली. पार्सल आलं आणि दार बंद, असं माझ्या घरी होऊ नये. दाराजवळ खुर्ची टाकून बसलो. बायको म्हणाली, ऑफिसात जाऊन एकदा बघा तरी. मी म्हटलं, वस्तू दुसऱ्या शहरात असताना ऑफिसात काय बघू? माणूस आणि वस्तू यांची भेट दारातच होते.

दुपारी आमचाच डिलिव्हरीवाला जिन्यात दिसला. मी उठून उभा राहिलो, सहीसाठी हातसुद्धा पुढे केला. तो वरच्या मजल्यावर जात होता. वरच्या बाईंची चादर द्यायला. मी त्याच्यामागे वरपर्यंत गेलो आणि पिशवी उघडायला लावली. आत चादरीशिवाय एक कुकरची रिंग आणि त्याचा जेवणाचा डबा होता. आता वरच्या बाई माझ्याशी बोलत नाहीत. तसं आधी बोलत होत्या असं नाही.

आप्पांनी उद्याचा शर्ट आजच इस्त्री करवून घेतला. दर थोड्या वेळाने विचारतात, आलं का? त्यांच्या हिशेबाने हळूच विचारतात. संध्याकाळी पाणी भरायला खाली गेलो तर वॉचमननेही विचारलं, आलं का?

मुलीने मोठ्या अक्षरांत लिहिण्यासाठी पुठ्ठे कापायला घेतले. उद्या आत्याआजी बोलेल ते मी आजोबांना लिहून दाखवीन, म्हणाली. या घराचा माझ्यावर विश्वास नाही. पुठ्ठा माझ्याच कंपनीचा.

झोप येत नाही. आप्पाही जागे आहेत. त्यांच्या खोलीतून आवाज येतोय. एकटेच म्हणतायत, ये ताई, बस ताई. सराव करत असावेत. मला एकदम फार वाईट वाटलं.

उद्या सकाळी सेंटरवाल्याला सोडत नाही.

११ मार्च, शनिवार. सकाळी.

सेंटरला फोन केला. मी आवाज चढवूनच सुरुवात केली. समोरच्याने शांतपणे विचारलं, कुठलं यंत्र? आमच्याकडे काही आलेलंच नाही. मी त्याला बेजबाबदार म्हटलं. तो म्हणाला, तुमच्या कुरिअरवाल्याला विचारा. मी म्हटलं, त्यांचं नाव घ्यायचं काम नाही.

चोरी. दुसरं काय? मी ऑफिसला निघालोय. आज कोणाची तरी नोकरी जाणार.

त्याच दिवशी, रात्री.

नोकरी कोणाचीही जाणार नाही.

मी गोदामात गेलो, सगळ्यांना बेल्टजवळ उभं केलं, कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग मागवलं, दोन्ही गेट बंद करायला सांगितली. मग पैलवान म्हणाला, साहेब, तुमचं खोकं तर पिंजऱ्यात आहे. मंगळवारपासून. परवा पोरांना टेबलावर ठेवून दाखवलंत ते तुमचंच. मी सांगत होतो.

कोणी हसलं नाही. ते जास्त लागलं.

त्यात सेफ्टीच्या मॅडम आल्या. लेबलं बघून म्हणाल्या, कानाच्या यंत्राच्या या सेलला हे लेबल लागतच नाही. नसतं लावलं तर बुधवारीच पोहोचलं असतं. मी म्हटलं, सावधगिरी कधी वाया जात नाही. मग सही केली. माझीच वस्तू, माझीच सही, माझ्याच पिंजऱ्यातून. पेनसुद्धा पैलवानाने दिलं.

खोकं मांडीवर घेऊन बसने घरी आलो. सगळ्या वाटेवर एकच विचार, आप्पांना काय सांगू. ते इस्त्रीचा शर्ट घालून दारातच उभे होते. खोकं बघून त्यांचा चेहरा असा उजळला की मला वर बघवेना. त्यांना वाटलं, दुरुस्त होऊन आलं.

बायकोने खोकं माझ्या हातातून घेतलं. खोकी फोडायला तिला बराच वेळ लागला. (पॅकिंग!) मग तिने यंत्र स्वयंपाकघराच्या ओट्यावर नेलं, बारीक नळी काढली, मुलीच्या रंगाच्या ब्रशने आणि एका सुईने काहीतरी टोकरलं. मी म्हटलं, सर्किट आहे, हात लावू नकोस. नळीतून कानातल्या मळाचा गोळा निघाला. तिने नवा सेल घातला आणि यंत्र आप्पांच्या कानात बसवलं. मग त्यांच्या मागे जाऊन हळू आवाजात विचारलं, आप्पा, चहा टाकू?

आप्पा म्हणाले, टाक. ताई येईलच आता.

इतकं हळू बोलताना मी त्यांना कित्येक दिवसांत ऐकलं नव्हतं.

आत्या आली. दोघं खिडकीपाशी बसली. आत्या लहानपणच्या कुठल्यातरी बोरीच्या झाडाबद्दल सांगत होती, आप्पा मध्येच तिचं चुकलेलं सांगत होते, मग ती त्यांना दटावत होती. दोन तासांत त्यांनी आमच्याकडे बघितलंसुद्धा नाही. पुठ्ठे तसेच राहिले. निघताना आत्याने आप्पांच्या कानाशी तोंड नेलं आणि काहीतरी सांगितलं. काय ते आम्हाला ऐकू आलं नाही. आप्पांना आलं. टॅक्सी गेली तरी ते जिन्यातच उभे होते, आणि मी पाणी प्यायच्या निमित्ताने आत जाऊन रडलो.

१२ मार्च, रविवार

मन शांत. आठवड्याचा विचार केला. मी यंत्र जर मंगळवारी पाठवलं नसतं, तर ते शनिवारी परत आलं नसतं, आणि परत आलं नसतं तर बायकोने ते उघडलं नसतं. म्हणजे मुळाशी निर्णय बरोबर होता. तपशिलात थोडं इकडेतिकडे.

सकाळी आप्पा खिडकीपाशी पेपर घेऊन बसले होते, यंत्र कानात. म्हटलं, आता नीट ऐकू येतंय तर त्यांना सगळं व्यवस्थित समजावून सांगावं. खुर्ची जवळ ओढली. आधी धोकादायक मालाचे प्रकार घेतले. मग पिंजऱ्यामागची कल्पना, मग लेबलबद्दल माझं आणि मॅडमचं तात्त्विक मत कुठे वेगळं आहे ते.

आप्पांनी थोडा वेळ माझ्याकडे बघितलं. तोंड जरा उघडं. बहुतेक पहिल्यांदाच ऐकत होते.

मग त्यांनी पेपरची घडी घातली, कानातलं यंत्र काढलं, डबीत ठेवलं, डबीचं झाकण लावलं आणि माझ्याकडे बघून प्रेमाने मान डोलवायला लागले.

सेल वाचवत असतील.