माझं बोट माझं होतं

मी, गल्लीच्या तोंडाशी इस्त्रीचं दुकान चालवणारी बाई, वय पन्नाशीच्या आतलं, शिक्षण चौथी नापास, हे मृत्युपत्र लिहिते. डोकं ठिकाणावर आहे. दटावून किंवा गोड बोलून कुणी लिहून घेतलेलं नाही. गोड बोलणाऱ्यांची तर मला आता शिसारी येते. पुढच्या आठवड्यात पोटातली गाठ काढायची आहे. डॉक्टर म्हणतात काही होणार नाही. मग आधी कागदावर सही कशाला घेतली, ते सांगत नाहीत. वकिलाच्या कारकुनानं मसुदा करून दिला होता, पण तो वाचून मीच मला ओळखू येईना. म्हणून माझं मी लिहिलंय. त्यानं फक्त कलमांचे आकडे घालावेत.

कलम १. खोली.

खोली माझ्या कमाईची आहे. हॉस्पिटलच्या चादरी धुऊन घेतली. बापाची नाही, नवऱ्याची तर नाहीच. तो खोली घ्यायच्या आधीच पळाला, तेवढं एक बरं केलं त्यानं. ती माझ्या धाकट्या भावाला मिळणार असं सगळी गल्ली धरून चालली आहे आणि तोही. तर त्याला द्यायची नाही. दाराची कडीसुद्धा नाही. आई गेली तेव्हा तो रांगत होता. त्याला कडेवर घेऊन शाळेत बसू देईनात म्हणून मी शाळा सोडली. हे त्याला मी कधी ऐकवलं नाही. आता मेल्यावर ऐकू दे.

खोली समोरच्या शिलाईवालीला द्यायची. ती माझ्याशी बोलत नाही. तरी द्यायची.

कलम २. याचं कारण.

कारकून म्हणाला, कारण द्यायची गरज नसते. मला आहे.

आमच्या गल्लीचा नळ कोरडा आहे आणि टँकरवाला गब्बर आहे. या दोन गोष्टी वेगळ्या नाहीत हे शेंबड्या पोरालाही कळतं. तोच टँकरवाला वॉर्डातून निवडणुकीला उभा राहिला. मी शिलाईवालीच्या मागे लागले, तू उभी राहा. ती म्हणाली, लोक हसतील. मी म्हटलं, हसू देत, मी आहे ना. तिनं मशीन गहाण टाकून अनामत भरली. मी इस्त्रीच्या कपड्यांबरोबर घरोघर तिचं नाव पोचवलं.

निवडणुकीत पैसे घ्यायची आमच्याकडे कुणाला लाज नव्हती. घ्यायचे सगळ्यांकडून आणि मत द्यायचं मनातल्याला, ही आमची हुशारी. आत कोण बघायला येतंय? मीही घेतलेत, साडीही घेतलीय, आणि तीच नेसून भलत्यालाच मत देऊन आलेय. टँकरवाल्याला ही हुशारी ठाऊक होती. या खेपेला त्याची माणसं मत मागायला आलीच नाहीत. बोट मागायला आली. मतदानाच्या आदल्या दिवशी दारात यायचं, बोटाला ती न निघणारी शाई लावायची, पैसे हातावर ठेवायचे. शाईचं बोट दिसलं की केंद्रावर आत घेत नाहीत. त्याला मत नकोच होतं, शिलाईवालीला पडू नये एवढंच हवं होतं. शेरास सव्वाशेर.

माझ्या दारात आले तेव्हा मी गरम इस्त्री हातात घेऊनच बाहेर आले. म्हटलं, बोट लांब राहिलं, नख मिळणार नाही. गेले.

दुपारी भाऊ आला. हातात मलमाची ट्यूब. धुण्याच्या सोड्यानं माझी बोटं कायमची फाटलेली आहेत, थंडीत रक्त येतं. म्हणाला, "ताई, हात बघू." जन्मात त्यानं माझ्या हाताकडे बघितलं नव्हतं, ताटाकडे बघायचा. मला भरून आलं. मी हात पुढे केला आणि भिंतीला टेकून डोळे मिटले. त्यानं एकेक बोट धरून हळूहळू मलम लावलं. झोंबलं. म्हणाला, औषध आहे, झोंबणारच. मग चिंधी गुंडाळली आणि बजावलं, उद्यापर्यंत सोडू नकोस, हवा लागली तर चिघळेल.

मी ती पट्टी उरलेला दिवसभर मिरवली. पावाच्या दुकानात सांगितलंसुद्धा, भावानं बांधलीय.

दुसऱ्या दिवशी केंद्रावर शाई लावणारी बाई म्हणाली, मावशी, पट्टी काढा. काढली. बोट काळंकुट्ट. रांगेतली माणसं हसली. दारात शिलाईवाली उभी होती. तिनं बोटाकडे बघितलं, मग माझ्याकडे. हळूच म्हणाली, "किती मिळाले?"

जिला हे विचारावंसं वाटलं, तिला सांगून काय उपयोग, असं वाटलं. सरळ घरी आले. तेव्हापासून आम्ही समोरासमोर राहतो आणि एकमेकींच्या भिंती बघतो.

भावाला विचारलं, तर म्हणाला, "ताई, ती पडणारच होती. मी तुला वाईट व्हायला नाही लावलं. तुला तर कळलंसुद्धा नाही." त्याच आठवड्यात तो टँकरवर ड्रायव्हर म्हणून चढला. आता गल्लीत तोच पाणी आणतो आणि भोंगा वाजवून मला रांगेत पहिली बोलावतो. मी जात नाही. धुणं बंद केलं. कपड्यांवर शिंपडायला लागतं तेवढं पाणी पावाच्या दुकानातून आणते.

त्यानं स्वतःचं बोट विकलं, ते त्याचं तो बघेल. माझं बोट माझं होतं. जन्मभर लोकांचे डाग काढले, रक्ताचे, तेलाचे, गंजाचे. हा डाग चुन्यानं घासला, सोड्यानं घासला, कातडी निघाली, तो निघाला नाही. नख वाढून पुढे सरकला तेव्हाच गेला.

कलम ३. ~~दोन्ही इस्त्र्या आणि टेबल माझ्या भावजयीला.~~

हे कलम खोडलेलं आहे. का ते शेवटी सांगते. इस्त्र्या आणि टेबल आता खोलीबरोबर शिलाईवालीला. शिवलेल्याला इस्त्री लागतेच.

कलम ४. पेटीतली पट्टी.

ती पट्टी मी धुतलेली नाही. शिलाईवालीला द्यायची. चिंधी कुठल्या शर्टाची आहे ते ती ओळखेल, भावाचा तो चौकड्याचा शर्ट तिनंच शिवला होता. आतल्या बाजूला मलम आणि शाई एकात एक कालवलेली आहेत. विकायला बसलेली बाई आधी मलम लावून घेत नाही. कपडा खोटं बोलत नाही हे तिचंच म्हणणं.

कलम ५. शिल्लक पैसे.

दवाखान्याचं देऊन जे उरेल त्यातून शिलाईवालीचं मशीन सोडवायचं, आणि बाकीचे पुढच्या निवडणुकीच्या अनामतीला ठेवायचे. टँकरवाल्यानं तिच्या घरमालकाचे कान भरून तिला खोली रिकामी करायची नोटीस द्यायला लावली आहे. ती वॉर्डाबाहेर गेली की इथल्या यादीतून तिचं नाव जाणार, मग उभी कुठून राहणार? म्हणून माझी खोली. माफी बिफी काही नाही. मला ज्यानं फसवलं त्याचं दुःख वेगळं, आणि जिनं विचारलं तिचं वेगळं; दुसरं जास्त दुखतं. पण नळ दोघींचा आहे.

कलम ६. भावाला.

काही नाही. मलमाची ट्यूब अर्धी उरली आहे. त्यानंच आणली होती, परत न्यावी.

हे सगळं पार पाडायचं काम पावाच्या दुकानाच्या मालकिणीनं करायचं. ती हिशोबाला खडूस आहे, म्हणून तिलाच सांगितलं.

सहीबद्दल. माझं गिचमिड अक्षर बघून कारकुनानं शाईचा डबा पुढे सरकवला, म्हणाला, अंगठा द्या, सोपं पडेल. डबा परत घ्यायला लावला. सही वाकडी आली आहे. चालेल.

सही: इस्त्रीवाली, स्वतःच्या हातानं

साक्षीदार पहिली: पावाच्या दुकानाची मालकीण (सही)

साक्षीदार दुसरी: इथे कारकुनाच्या ओळखीचा कुणीतरी यायचा होता, तो आला नाही. माझी भावजय जेवणाचा डबा घेऊन आली होती, तिनं सगळं वाचलं. मग म्हणाली, "वन्सं, चिंधी मीच फाडून दिली होती. साक्ष मी देते." कारकून म्हणाला, तुम्हाला यात इस्त्र्या मिळताहेत, ज्याला काही मिळतं त्याची साक्ष चालत नाही. ती म्हणाली, "मग मला काही देऊ नका." मी विचारलं, घरी काय सांगशील. म्हणाली, "तेव्हा माझंही बोट ह्यांनीच पुढे केलं होतं. सही माझी मी करते."

कलम तिसरं तिनं स्वतः खोडलं. खाली तिची सही आहे.

साक्षीदार दुसरी: भावजय (सही)

ठिकाण: माझी खोली, इस्त्रीचं टेबल
दिनांक: दवाखान्यात दाखल व्हायच्या आधीचा सोमवार